पौषातली राखण

१६ डिसेंबर १९५७, सोमवार

बारामतीला जाऊन आलो. अंग आंबून गेलंय, पण लेकानं, जयवंतानं ही डायरी आणून दिली आणि म्हणाला, आबा, मनातलं लिहीत जा, बरं वाटेल. मनातलं काय लिहायचं? इरिगेशन खात्यात कालव्याचं पाणी लिहिण्यात जन्म गेला. पण कोरा कागद वाया जाऊ देणं माझ्याच्यानं होत नाही, म्हणून लिहितो.

सुनेला डॉक्टरला दाखवायचं होतं. चंद्राला बाळंत होऊन सव्वा महिना उलटून गेला. मुलगा झाला होता. रडलाच नाही. त्या दिवसापासून हीही बोललेली नाही. खाणं म्हणजे चतकोर भाकरी, तीही तिच्या सासूनं, रंगूबाईनं समोर बसून रागं भरल्यावर. सव्वा महिना झाला तरी बाळंतिणीची खोली सोडत नाही. भिंतीकडे तोंड करून पडलेली असते.

डॉक्टर म्हणजे कालचं पोर, मिसरूड फुटून किती दिवस झाले असतील कोण जाणे. त्यानं छाती बघितली, डोळे बघितले, नखं बघितली. म्हणाला, छातीत काही नाही, रक्त कमी आहे. गोळ्या दिल्या. मग खोली कशी आहे ते विचारलं. मी सांगितलं. खिडकीला पोतं ठोकलंय, शेगडी पेटती असते, वाऱ्याची झुळूक आत येऊ देत नाही. आपलं काही चुकलं असं मला वाटलं नव्हतं. तो म्हणाला, हिला बाहेर काढा. ऊन वर आलं की उघड्यावर न्या, ऊन कलल्यावर घरी आणा. सोसंल तेवढं चालू द्या. हाताला काम द्या. मी म्हटलं, थंडीचे दिवस आहेत. तर म्हणाला, म्हणूनच ऊन सोसंल.

फीचे पैसे घेऊन फुकटचं ऊन लिहून देणारा डॉक्टर मी आजच बघितला.

निघताना माझ्याकडे बघत म्हणाला, “बाबा, तुम्ही दिवसभर काय करता?” म्हटलं, पेन्शन खातो. म्हणाला, मग तुम्हीच हिच्यासोबत जात चला, तुम्हालाही बरं. मला काय धाड भरलीय!

१८ डिसेंबर, बुधवार

घरात वाजलं. रंगूबाईला मी डॉक्टरचं सांगितलं आणि तिनं हातातलं तांब्याचं भांडं असं आपटलं की त्याला पोचा आला. ओली बाळंतीण पौषाच्या वाऱ्यात नेणार? सिंधूचं काय झालं ते विसरलात?

विसरलो नाही. सिंधू आमची लेक. तीन वर्षांपूर्वी पहिल्या बाळंतपणाला घरी आली होती. पोर जगली नाही आणि मग सिंधूही गेली. अशाच दिवसांत, केस वाळवायला म्हणून ती अंगणात बसली, वारं लागलं, ताप भरला. ताप भरल्यावर खोलीत ठेवली होती, शेगडी होती, सगळं होतं. तिसऱ्या दिवशी गेली. मी तेव्हा निमगावला ड्यूटीवर होतो, आलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. चंद्रा आज त्याच खोलीत आहे.

रंगूबाईनं शेवटी सांगून टाकलं. संक्रांतीपर्यंत ही उठून कामाला लागली तर ठीक, नाहीतर हिच्या वडलांना बोलवायचं आणि मोरगावला पाठवायचं. म्हणाली, “तिथं तिचं काय व्हायचं ते होईल. माझ्या दारात आणखी एक नको.”

असं पाठवलेली सून परत येत नाही, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. जयवंता तिथंच उभा होता. कारखान्यावर राहून काट्यावर उसाच्या गाड्या मोजतो, सुट्टीला घरी येतो, चार माणसांत रुबाब आहे. पण आईपुढं पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला.

२० डिसेंबर, शुक्रवार

शाळू निसवलाय, ज्वारीची कणसं बाहेर पडलीत. दाणा भरायला लागला की भोरड्यांचे थवे उतरतील आणि आपल्या हातात नुसती चिपाडं राहतील. दरवर्षी बिरू राखणीला असतो, तो यंदा ऊसतोडीला गेला. माणूस मिळत नाही. तेव्हा राखण मीच करणार, आणि सोबतीला चंद्रा येणार. पाखरं हाकायला दोन माणसं लागतातच. डॉक्टरचा यात काही संबंध नाही, असं मी रंगूबाईला ठणकावून सांगितलं. ती पीठ मळत राहिली. ती बोलली नाही की मला भीती वाटते.

आज चार मेढी रोवून मचाण बांधलं. दम लागला. तरुणपणी चुटकीसरशी व्हायचं ते काम, आणि आता छाती भात्यासारखी चालली होती. बुजगावणंही उभं केलं. त्याला काय घालावं म्हणून घरात विचारलं तर रंगूबाईनं माझा खात्याचा खाकी कोट आणून टाकला. सरकारी कोट! बटणं पितळेची आहेत त्याची. म्हणाली, पेन्शनीत निघाल्यापासून तुम्ही तो घालून ओसरीवर बसताय, त्यापेक्षा तिथं कामाला तरी येईल.

२३ डिसेंबर, सोमवार

गेलो एकदाचे. चंद्राला दोन लुगडी, वर घोंगडी, कानाला फडकं, पायात माझे जुने मोजे. बायका दारातून बघत होत्या. उंबरा ओलांडताना उजेड डोळ्यांवर आला आणि ती तशीच उभी राहिली, चौकट धरून. मला वाटलं आता खाली बसते. रंगूबाई मागून म्हणाली, बघा, बघा तिच्या अंगात काय राहिलंय का. तिचा आवाज कापत होता. चंद्रानं पाय बाहेर टाकला.

शेत हाकेच्या अंतरावर आहे, पण पोचायला न्याहारीची वेळ झाली. मचाणावर बसली. दिवसभर बसली. पाखरं आली तरी तिला त्याचं काही नव्हतं. मीच ओरडून ओरडून घसा बसवून घेतला.

२४ डिसेंबर

तेच.

२८ डिसेंबर, शनिवार

अडचण वेगळीच आहे. सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नसतं आणि सासऱ्यानंही सुनेला तोंडानं काही सांगायचं नसतं. घरात शिरताना मी खाकरतो, ती पदर घेते, संपला व्यवहार. काही सांगायचं तर रंगूबाईच्या मार्फत. पण शेतात रंगूबाई कुठली? मधे एखादं कुत्रंसुद्धा नाही. दिवसभर दोन माणसं मुकी बसून राहायची.

शेवटी आज मी बुजगावण्याला सांगितलं. मोठ्यानं म्हटलं, “ओ कोटवाले, फडक्यात भाकरी हाय, वाळून जाईल ती.” आपल्याच वेडेपणाचं हसू आलं. मान वळवून बघतो तर चंद्रानं फडकं सोडलं होतं. अर्धी भाकरी खाल्ली. चतकोर नाही, अर्धी.

मग मी कोटवाल्याला बरंच काही सांगितलं. कालव्यावर रात्री पाणी चोरणाऱ्यांना मी कसा पकडायचो, साहेबाची घोडी पाटात कशी पडली, सगळं. ती पाठमोरी होती. ऐकत होती की नाही सांगता येत नाही.

२ जानेवारी १९५८, गुरुवार

आज ती बोलली.

सकाळपासून वारं होतं. मुंडासं घरी विसरलो होतो आणि थंडीनं डोळ्यांतून पाणी येत होतं. खाली पाखरं उठवायला म्हणून उतरलो, खोकल्याची उबळ आली, बांधावर बसून राहिलो. तेवढ्यात मचाणावरून बारीक आवाज आला. वापरात नसलेल्या रहाटासारखा कुरकुरत.

“कोटवाल्यांना म्हणावं, डोक्याला कायतरी बांधा. वारं हाय.”

आणि वरून तिनं आपल्या कानाचं फडकं खाली टाकलं.

मी ते बांधलं. बुजगावण्याला म्हटलं, बांधलं म्हणावं. माझा आवाज नीट फुटला नाही. म्हाताऱ्या माणसाला थंडीत असं होतं.

घरी रंगूबाईला सांगितलं. म्हटलं, नाचशील आता. ती चुलीत फुंकर घालत राहिली. मग विचारलं, तिच्या कानाला काय होतं मग? उघडे कान घेऊन आणलीत तिला?

४ जानेवारी, शनिवार

रात्री कधी झोपलो आणि कधी उजाडलं, कळलं नाही. कित्येक महिन्यांत असं झालं नव्हतं. बहुधा रंगूबाईनं घोंगडी बदलली असेल.

६ जानेवारी, सोमवार

काल दुपारून आभाळ भरून आलं आणि गार वारं सुटलं. लवकर निघायला हवं होतं, पण थवा आला होता आणि मी म्हटलं एवढा उठवून जाऊ. माझाच हावरेपणा. घरी पोचेपर्यंत चंद्राचे ओठ निळे पडले होते. आज पहाटे ताप भरला. अंगाला हात लावला की तवा.

रंगूबाईनं माझ्याकडे पाठ केली. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं. खिडकीचं पोतं मी काढलं होतं, ते तिनं पुन्हा ठोकलं. खिळा ठोकताना बोटावर हातोडी बसली, तरी तिनं हूं केलं नाही. शेगडी आत नेली, दार लावलं आणि बाहेरून कडी घातली. तापात माणूस उठून चालायला लागतं, म्हणाली. ते कडीला बोलली, मला नाही.

७ जानेवारी, मंगळवार

ताप आहे. एस.टी.च्या ड्रायव्हरकरवी रंगूबाईनं मोरगावला गेणबांना निरोप धाडला, संक्रांतीला येऊन लेकीला घेऊन जा.

मी शेतात गेलो नाही. भोरड्या खात असतील, खाऊ देत. ओसरीवर बसून आहे. आत काही हालचाल झाली की कान टवकारतो. डॉक्टरचं ऐकून मी हे काय करून बसलो? तो बारामतीत सुखात जेवत असेल आणि इथं माझ्या हट्टापायी पोर जाईल. ही जगली नाही तर मी गावात तोंड कुठं दाखवू, असं आधी मनात आलं आणि माझी मलाच लाज वाटली. गाव गेलं खड्ड्यात. ही जगायला पाहिजे.

रंगूबाई कालपासून त्या दाराला टेकून बसली आहे. जेवली नाही.

८ जानेवारी, बुधवार

सकाळी ऊन ओसरीवर आलं होतं. आतून दारावर थाप पडली. हळूच. मग आवाज आला.

“आत्याबाई, दार उघडा.”

रंगूबाईचं तोंड असं पांढरं पडलं की मला वाटलं आता हिलाच काही होतं. उठली, पण कडीपर्यंत हात जाईना. आतून पुन्हा, दार उघडा, आत्याबाई. मी पुढं झालो तर तिनं माझा हात झटकला. कडी तिनंच काढली, दोन्ही हातांनी, जड धोंडा उचलावा तशी.

चंद्रा घामानं निथळत उभी होती. ताप उतरलेला. आमच्या दोघांच्या मधून ती सरळ अंगणात गेली आणि तुळशीच्या कट्ट्याला पाठ लावून उन्हात बसली. मी रंगूबाईकडे बघितलं, म्हटलं आता तरी ही ओरडेल, घरात ओढून आणेल. ती स्वयंपाकघरात गेली. पेज करत होती आणि रडत होती. ताप उतरला तर हसायचं सोडून रडते! बायकांचं गणित मला अजून सुटलेलं नाही.

११ जानेवारी, शनिवार

चंद्रा आज आपण होऊन घोंगडी घेऊन माझ्याआधी अंगणात उभी. मी कोणाला म्हणून नको सांगणार? कोटवाला तर शेतात.

शाळू बघितला. मधल्या वाफ्याची कणसं अगदी धुऊन नेलीत. चंद्रानं ती हातानं उचलून बघितली आणि पहिल्यांदा तिच्या तोंडावर मी राग बघितला. गोफण मागितली, म्हणजे कोटवाल्याला म्हणाली, गोफण कुठं ठेवलीय. पहिला धोंडा मागं पडला, माझ्या टकुऱ्यावरून. दुसरा बांधावर. नंतर जमायला लागलं. माहेरी मोरगावच्या जिराईत शेतात बाजरीची राखण तिनंच केलेली, हे तिनं कोटवाल्याला सांगितलं. पण ओरडत नाही. सासऱ्यासमोर सुनेनं ओरडायचं कसं? ओरडायचं काम माझ्याकडे.

दुपारी चार कणसं भाजली आणि हुरडा चोळला. तिनं तळव्यावर फुंकर मारून कोंडा उडवला आणि खाल्ला. मग आणखी चोळून घेतला. मी दुसरीकडे बघत बसलो, म्हणजे तिला संकोच नको. मला फार बरं वाटलं, हे लिहायला काय हरकत आहे?

१३ जानेवारी, सोमवार, भोगी

गेणबा आले. बैलगाडी घेऊन, गाडीत गादी अंथरून. बिचाऱ्यानं लेक आडवी न्यायची तयारी केली होती. चंद्रानं तांब्याभर पाणी नेऊन दिलं तेव्हा त्यांना ते धरता येईना. म्हणाले, “पोरी, तू तर चालतीस की गं!”

मी म्हटलं झालं, आता भोगीची भाजी-भाकरी खाऊन गेणबा हसत परत जातील. पण रंगूबाई म्हणाली, न्या तिला. गेणबा म्हणाले, विहीणबाई, आता तर ती बरी हाय. रंगूबाई म्हणाली, “बरी हाय म्हनूनच न्या. मला बघवत न्हाय.”

हे काय बोलणं झालं? आजारी होती तेव्हा नको होती, ते एक वेळ समजलं. बरी झाली तर बघवत नाही? पन्नाशी उलटून गेलेल्या बाईनं इतकं दुष्ट व्हावं! मी तसं तोंडावर बोललो. ती ऐकून घेऊन भांडी घासायला गेली.

जयवंता सणासाठी आलाय. त्याला बाजूला घेऊन विचारलं, बायको तुझी, तुझं काय म्हणणं? म्हणाला, आई म्हणेल तसं. मी म्हटलं, शेतात एक बुजगावणं उभं आहे, ते तुझ्यापेक्षा बरं, निदान पाखरं तरी भितात त्याला.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तीळगूळ झाला, गोड बोललं कुणी नाही. उद्या कर. करीच्या दिवशी कुणी प्रवासाला निघत नाही, म्हणून गाडी परवा पहाटे जुंपायची ठरलंय. चंद्रानं आपली दोन लुगडी घडी घालून ठेवली. ‘नाही’ म्हणायला तिला विचारलंय कुणी?

१५ जानेवारी, बुधवार

आज झालं ते जसंच्या तसं लिहितो, कारण मला ते पुरतं उमगलेलं नाही.

सकाळी मी घोंगडी उचलली तर चंद्रा मागून आली. शेवटचा दिवस म्हणून मीही अडवलं नाही. मचाणावर बसलो. ऊन छान पडलं होतं, पाठ शेकत होती. शेवटी म्हटलं, कोटवाले, उद्यापासनं तुमी आणि मीच. चंद्रानं पदराचं टोक तोंडात धरलं.

न्याहारीच्या वेळेला बांधावर रंगूबाई दिसली, डोक्यावर पाटी घेऊन. सिंधू गेल्यापासून ही बाई पौषात शेताकडे फिरकलेली नाही. मला वाटलं, आवराआवरीसाठी हाक मारायला आली. ती बांधावरच थांबली.

तेवढ्यात थवा आला. सगळं आभाळ काळं करून भोरड्या वळल्या आणि मधल्या वाफ्यावर उतरायला लागल्या. मी ओरडायला तोंड उघडलं आणि खोकल्याची उबळ आली. आवाजच निघेना. चंद्रानं माझ्याकडे बघितलं, थव्याकडे बघितलं आणि उभी राहिली. पदर डोक्यावरून खाली आला. आणि ती ओरडली, “हाऽऽ हुर्रऽऽ!” पोटातून, सगळं शिवार ऐकेल असं. पुन्हा ओरडली. गोफण फिरवली. थवा उठला तरी ती थांबेना. ओरडत होती आणि गालावरून पाणी वाहत होतं. सव्वादोन महिन्यांचं सगळं बाहेर पडत होतं. मी खाली मान घातली. माझंही काही खरं नव्हतं.

ती थांबली तेव्हा बघतो तर रंगूबाई बांधावर बसलेली, पाटी कलंडून भाकऱ्या मातीत. मी खाली उतरून धावलो. ती मला म्हणाली नाही, कुणालाच म्हणाली नाही, समोर बघत म्हणाली,

“सिंधू पन म्हनत व्हती, आई, दार उघड. तीन दिस म्हनत व्हती. आन् मी बाहेर बसून म्हनत व्हते, उघडायचं न्हाय, वारं लागंल.”

तीन वर्षांत तिनं हे मला सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं. वारं लागलं, हेच आम्ही दोघं धरून बसलो होतो, त्या बंद खोलीचं नाव कुणी काढलं नव्हतं.

चंद्रा कधी खाली आली, कळलं नाही. तिनं रंगूबाईला दंडाला धरून उठवलं, मचाणाच्या पायथ्याला आणून बसवलं, आपली घोंगडी तिच्या पाठीवर टाकली. मग माझ्याकडे वळून म्हणाली,

“मामंजी, जरा सरका. आत्याबाईंना ऊन लागू द्या.”

सरळ मला. मधे कोणी नाही. मी सरकलो.

भोरड्या परत फिरून मधल्या वाफ्यावर उतरल्या. चंद्रानं खाली टाकलेली गोफण मी उचलून नुसती हातात धरली होती. खाल्लं त्यांनी पोटभर.

१६ जानेवारी, गुरुवार

गेणबांची गाडी रिकामी गेली. रिकामी म्हणजे हुरड्याची कणसं दिली बांधून. रंगूबाईनं त्यांना एवढंच सांगितलं की शाळू निघाल्यावर पोर चार दिवस माहेरपणाला येईल, आणि तिला परत आणायला जयवंता येईल. जयवंता म्हणाला, येईन. पायाकडे न बघता म्हणाला.

नंतर रंगूबाईनं खोलीच्या खिडकीचं पोतं ओढून काढलं आणि बसायला होईल म्हणून मचाणावर पाठवलं. खिळा अजून भिंतीत आहे. तो काढा म्हणून मला सांगितलंय. हातोडी घेऊन उंबऱ्यापर्यंत गेलो. सकाळचं ऊन आत पार सिंधूच्या पलंगापर्यंत आलं होतं. मला आत पाऊल टाकवलं नाही. उद्या काढतो.